मृद्गंध, सूर आणि निगा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, ते या शाळेत विज्ञान शिकवीत आणि सायंकाळी मुलांना भजनाचे ठेके शिकवीत. हाताची नखे वाढलेला मुलगा वर्गात दिसला, तर धडा थांबवून आधी त्याची नखे कापून घेत. प्रयोगशाळा, भजन आणि नखे ही तीन वेगवेगळी कामे आहेत असे त्यांना कधी वाटले नसावे. त्यांच्या स्मृतीला शोभेल असा विषय कोणता, याचा विचार करताना मला हीच गोष्ट आठवली आणि तिच्यातूनच आजचा विषय ठरला. प्रत्यक्ष भाषणात थोडा फापटपसारा झाला होता. या पुस्तिकेसाठी लेखरूप देताना तो गाळला आहे.

विज्ञान सुविधा देते, कला विरंगुळा देते आणि शरीराची काळजी ही सवड मिळाली तर करावयाची गोष्ट आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. विज्ञानाने सृष्टीचे सौंदर्य कोमेजते, असेही पुष्कळजण मानतात. माझे म्हणणे निराळे आहे. विज्ञान, कला आणि स्वतःच्या देहाची निगा या तिन्हींच्या मुळाशी एकच वृत्ती आहे आणि ती म्हणजे जवळच्या गोष्टीकडे नीट, चिकाटीने लक्ष देणे. या लक्ष देण्यातून सौंदर्यही मिळते आणि दिलासाही मिळतो. हे तिन्ही एकत्र आले म्हणजे काय घडते आणि त्यांतले एक जरी निसटले तरी काय हातचे जाते, हे मी आपल्याच मुलखातल्या उदाहरणांनी सांगणार आहे.

मातीचा वास

बेळगावच्या आसपासची जमीन तांबडी. निपाणी-चिकोडीकडे जावे तशी ती काळी होत जाते. उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाचे पहिले टपोरे थेंब या तापलेल्या जमिनीवर पडले, की जो वास उठतो तो आपणापैकी प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. मराठीने त्याला 'मृद्गंध' असे सुंदर नाव दिले. विंदा करंदीकरांच्या १९५४ मधील काव्यसंग्रहाचे नाव 'मृद्गंध' आहे आणि बेळगावच्या इंदिरा संत यांच्या ललितलेखांच्या पुस्तकाचेही नाव तेच आहे. उत्तर प्रदेशातील कनौजचे अत्तरवाले तर भाजलेल्या मातीपासून हा वास ऊर्ध्वपातनाने वेगळा करून चंदनाच्या तेलात उतरवून घेतात. 'मिट्टी का अत्तर' या नावाने तो विकला जातो.

हा वास येतो कोठून? १९६४ मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. कोरड्या दिवसांत खडक आणि माती वनस्पतींपासून आलेली तेलद्रव्ये शोषून घेतात आणि ओलावा मिळताच ती बाहेर पडतात, असे त्यांना आढळले. कनौजच्या अत्तराचा उल्लेखही त्या लेखात होता. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्यूबर्ट लेशेव्हालिए यांनी या वासातील एक मुख्य द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव त्यांनी 'जिओस्मिन' असे ठेवले. हा शब्द ग्रीक भाषेतील दोन शब्द जोडून केलेला आहे, माती आणि गंध. आपल्या 'मृद्गंध' या शब्दाचीच ती जणू ग्रीक आवृत्ती होय.

जिओस्मिन तयार करणारे जीव मातीतच राहतात. त्यांतील प्रमुख कुळ म्हणजे 'स्ट्रेप्टोमायसिस' नावाचे जिवाणू. ते बुरशीसारखे धागे पसरून वाढतात, मेलेला पालापाचोळा कुजवितात आणि वाईट दिवस आले की बीजाणू धरून वाट पाहत बसतात. चिमूटभर सुपीक मातीतही त्यांची मोठी वस्ती असते. पावसाचा थेंब सच्छिद्र जमिनीवर आपटतो तेव्हा त्याच्याखाली हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे अडकतात. ते थेंबातून वर चढून फुटतात आणि तुषारांबरोबर मातीतील गंधद्रव्ये हवेत उडतात. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये वेगवान कॅमेऱ्यांनी हे दृश्य टिपले. बेताचा पाऊस या कामाला सर्वांत सोयीचा, मुसळधार नव्हे, असेही त्यांना दिसले. वळवाच्या पहिल्या शिडकाव्याला जो वास येतो तो आषाढातल्या संततधारेला का येत नाही, याचा थोडाफार उलगडा यातून होतो.

आपले नाक या द्रव्याच्या बाबतीत कमालीचे तीक्ष्ण आहे. एक लाख कोटी भाग हवेत जिओस्मिनचे अवघे काही भाग असले तरी ते आपल्याला जाणवतात. २०२० मध्ये आणखी एक गोष्ट उजेडात आली. मातीत 'स्प्रिंगटेल' नावाचे, कीटकांसारखे दिसणारे, उड्या मारणारे बारीक जीव असतात. ते या वासाने ओढले जातात, जिवाणूंवर ताव मारतात आणि त्यांचे बीजाणू अंगाला चिकटवून दूरवर नेतात. म्हणजे ज्या वासाने आपले मन हळवे होते, तो वास हे जिवाणू आपल्या वाहनाला घातलेली साद म्हणून निर्माण करीत असावेत.

हे सारे कळल्यावर मृद्गंधाची गोडी कमी झाली काय? माझी तरी झाली नाही. पूर्वी मला एक वास येत असे. आता त्या वासाबरोबर जमिनीखाली चाललेली सारी लगबग डोळ्यांपुढे येते.

त्याच मातीतले औषध

या जिवाणूंची गोष्ट येथे संपत नाही. मातीच्या कणाकणावर अन्नासाठी आणि जागेसाठी झगडा चालू असतो आणि त्यात काही जिवाणू इतरांना रोखणारी द्रव्ये बनवितात. रटगर्स येथेच सेलमन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याने १९४३ मध्ये 'स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस' या जिवाणूपासून असे एक द्रव्य मिळविले. त्याला 'स्ट्रेप्टोमायसिन' हे नाव मिळाले. पेनिसिलिन क्षयाच्या जंतूंपुढे निष्प्रभ ठरत होते, पण हे नवे द्रव्य त्यांना रोखत होते. १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांना मिळाले. शॅट्झ यांना सहसंशोधक म्हणून मान्यता मिळविण्यासाठी न्यायालयात जावे लागले.

क्षय म्हणजे त्या काळी काय होते, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. चांगला आहार, विश्रांती, मोकळी हवा आणि दैव यांवरच सारी भिस्त असे. मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होते. या भागातील कितीतरी कुटुंबांत त्याचे नाव दबक्या आवाजात घेतले जाई.

स्ट्रेप्टोमायसिनचा कस लावणारी एक चाचणी ब्रिटनमध्ये झाली आणि तिचा निष्कर्ष १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. ५२ रोग्यांना केवळ अंथरुणावरची विश्रांती देण्यात आली आणि ५५ रोग्यांना विश्रांतीबरोबर हे औषध. सहा महिन्यांत पहिल्या गटातील १४ जण दगावले, दुसऱ्या गटातील ४. औषधाचा गुण निर्विवाद होता. परंतु पुढे काही जंतू या औषधाला दाद देईनासे झाले आणि पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंमध्ये फारसा फरक उरला नाही. तेव्हापासून क्षयावर एकाच वेळी दोन-तीन औषधे, ठरलेल्या मुदतीपर्यंत, एकही दिवस न चुकविता द्यावयाची हा नियम रूढ झाला. औषध शोधणे हे विज्ञानाचे काम झाले. ते रोज, न कंटाळता घेणे आणि घ्यायला लावणे हे निगेचे काम आहे.

देवासची पाच वर्षे

या औषधाचा आपल्या मातीशी फार जवळचा संबंध आला. बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म झाला. घरची भाषा कन्नड. बालवयातच त्यांच्या गाण्याने लोक इतके चकित झाले, की एका स्वामींनी त्यांना 'कुमार गंधर्व' ही उपाधी दिली आणि तेच पुढे त्यांचे नाव झाले. मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले. १९४७ मध्ये त्यांचा विवाह त्याच गुरूंच्या शिष्या भानुमती कंस यांच्याशी झाला. त्याच सुमारास त्यांना क्षयाने गाठले. कोरड्या हवेसाठी १९४८ च्या जानेवारीत हे जोडपे माळव्यातील देवास या गावी येऊन राहिले. गाणे बंद करावे, असा वैद्यांचा आदेश होता.

गवयाला गाणे बंद म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. वय अवघे तेवीस. कीर्ती दारात उभी, आणि आपण खाटेवर. सुमारे पाच वर्षे हा माणूस अंथरुणाला खिळून होता. पुढे स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागले. भानुमतीबाई घराचा भार उचलून अहोरात्र शुश्रूषा करीत होत्या. रोग हटला, पण एक फुप्फुस जवळपास निकामी झाले ते झालेच.

या पाच वर्षांत गळा बंद होता, कान बंद नव्हते. देवासच्या त्या घरात खाटेवर पडल्यापडल्या बायकांची गाणी, फिरस्त्या भिक्षेकऱ्यांची भजने, सणावारांची आणि ऋतूंची गीते कानांवर येत. कुमारजींनी ती नुसती ऐकली नाहीत, त्यांच्या चाली टिपून ठेवल्या आणि त्यांचा अभ्यास केला. चार-पाच सुरांत फिरणाऱ्या या साध्या धुनांमध्ये रागाचे बीज असते, हा विचार त्यातून पक्का झाला. या धुनांतून त्यांनी घडविलेल्या रागांना ते 'धुनउगम राग' म्हणत. मालवती, संजारी, लगनगंधार, मघवा ही त्यांतील काही नावे. १९५३ पासून ते पुन्हा मैफिलीत गाऊ लागले. १९६५ मध्ये त्यांचा 'अनूपरागविलास' हा बंदिशींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे त्यांचे निधन झाले. तोपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार दशके, त्या एका फुप्फुसावर त्यांनी गाणे केले. दमसासाची मर्यादा त्यांनी लपविली नाही. छोट्या, धारदार स्वरवाक्यांची आणि मधल्या शांततेची एक नवी गायकी तिच्यातून उभी राहिली.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. संगीताने क्षय बरा होतो असे कोणी म्हणू लागले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. क्षयाचे जंतू मारले ते औषधाने. संगीताने जे केले ते निराळे आहे आणि तेही कमी मोलाचे नाही. ज्या दिवसांना काही अर्थ उरला नव्हता, त्यांना संगीताने अर्थ दिला आणि बरे होण्याला कारण दिले. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन कलेचा आरोग्याला आधार होतो, असा निष्कर्ष काढला. आधार आणि उपचार या दोन शब्दांमधले अंतर ओळखणे, हीसुद्धा वैज्ञानिक वृत्तीच आहे.

म्हणजे कुमारजींच्या परतण्यात तीन हात लागले. मातीतल्या जिवाणूचे औषध, माळव्याच्या बायाबापड्यांचे सूर आणि भानुमतीबाईंची निगा. यांतील एक जरी कमी पडला असता, तरी आपण आज जे गाणे ऐकतो ते ऐकले नसते.

तंबोऱ्याचे कोडे

कुमारजींचे तंबोरे विलक्षण सुरेल लागत, असे जाणकार सांगत आले आहेत. तंबोऱ्याचा विषय निघाला की आपली मान आपोआप मिरजेकडे वळते, कारण तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा तेथे आहे. भोपळा निवडावा, तो वाळवावा, घोडीचा पृष्ठभाग कानसून योग्य तेवढा उतार द्यावा आणि शेवटी तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवावा. दोरा नेमक्या जागी आला की तार एकदम बोलू लागते. याला आपण 'जवारी' म्हणतो.

या जवारीचे कोडे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना पडले होते. त्यांना नोबेल मिळाले १९३० मध्ये, परंतु त्याआधी, १९२१ मध्ये, त्यांनी तंबोरा आणि वीणा यांवर निबंध लिहिला. तार जेथे छेडावी, तेथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असेल तो उपस्वर ऐकू येता कामा नये, असा युरोपातील भौतिकशास्त्राचा नियम होता. तंबोऱ्यात तो उपस्वरही स्पष्ट ऐकू येतो, असे रामन यांनी दाखविले. तार रुंद, उतरत्या घोडीला स्पर्श करीत आणि सोडीत कंप पावते, म्हणून हे घडते. तंबोऱ्यातून षड्ज-पंचमाबरोबर न छेडलेला गंधारही झंकारतो, हा अनुभव गवई शतकानुशतके घेत होते. रामन यांनी त्याची मीमांसा केली. आता मला सांगा, मिरजेचा कारागीर कानाने दोरा सरकवितो तेव्हा तो कला करीत असतो की प्रयोग? आणि रामन तंबोऱ्याला कान लावून बसले होते, तेव्हा ते काय करीत होते?

तवंदीची वाट

निपाणीहून बेळगावला येताना तवंदीचा घाट लागतो. इंदिरा संत यांच्या बालपणाचे नाते या तवंदी गावाशी आहे. १९१४ मध्ये जन्मलेल्या इंदिराबाईंचे बहुतेक आयुष्य बेळगावात अध्यापनात गेले. त्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. १९४० मध्ये त्यांचा आणि पती नारायण संत यांचा 'सहवास' हा संयुक्त संग्रह निघाला. १९४६ मध्ये नारायणराव गेले. पदरी लहान मुले, नोकरी, आणि आयुष्यभराचा विरह. १९५१ मधील 'शेला'पासून १९८४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळविणाऱ्या 'गर्भरेशीम'पर्यंतची त्यांची कविता आपण जाणताच. १३ जुलै २००० रोजी त्या निवर्तल्या.

त्यांची कविता मला दिलासा देते, याचे कारण ती सांत्वन करायला येत नाही. दुःख विसरा, असे ती म्हणत नाही. ती दारातले झाड, पावसाची सर, मेंदी, बाहुल्या अशा घरच्याच वस्तूंकडे इतके निरखून पाहते, की वाचणाऱ्याचे दुःखही हातात घेऊन पाहता येईल असे होऊन जाते. वैज्ञानिक जसा आपल्या काचपट्टीवरील कणाशी खोटे बोलत नाही, तशी ही कवयित्री आपल्या मनाशी खोटे बोलत नाही.

इंदिराबाईंनी 'मालनगाथा'त जात्यावरच्या ओव्यांचा मागोवा घेतला, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पहाटे उठून दळण दळणाऱ्या बाईला दिवसभरात स्वतःची अशी तेवढीच वेळ मिळे. जात्याचा फेर आणि श्वासाची लय जुळे, अंगावरचे कष्ट थोडे हलके होत आणि माहेर, भाऊ, विठ्ठल, सासुरवास यांविषयी जे उघड बोलता येत नसे ते ओवीतून बोलता येई. हेमा राईरकर आणि गी पोआतवँ यांच्या प्रयत्नांनी महाराष्ट्रातील गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. स्वतःच्या मनाची निगा राखण्याची ही आपल्या आयाबहिणींची जुनी रीत होती. तिला कोणी कधी तसे नाव दिले नाही, एवढेच.

इंदिराबाईंचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. 'वनवास', 'शारदा संगीत' या पुस्तकांतील लंपन हा मुलगा आपल्याच भागातला. तो निर्माण करणारा लेखक कराडच्या महाविद्यालयात भूशास्त्र शिकवीत होता. दगड वाचणारी नजर आणि मुलाचे मन वाचणारी नजर एकाच माणसापाशी होती.

निगा म्हणजे लाड नव्हेत

आता थोडे घरचे सांगतो. माझी आत्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जाई आणि रात्री कंदिलाच्या उजेडात विड्या वळी. तिचा गळा गोड होता. ओव्या तर तिला इतक्या येत, की आम्ही मुले मोजता मोजता झोपी जात असू. १९७० नंतरच्या काही वर्षांत तिला खोकला लागला. वखारीत खोकला कोणाला नसतो? तंबाखूच्या खकाण्याचा ठसका आहे, असे ती म्हणे. आधी पोरांच्या फिया भरू द्या, मग दिवाळी होऊ द्या, मग सुगी आटपू द्या, असे करता करता दीड वर्ष गेले. दवाखान्यात नेली तेव्हा दोन्ही फुप्फुसे पोखरली होती. ती गेली तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. स्ट्रेप्टोमायसिन निघून तीस वर्षे झाली होती, त्याहून चांगली औषधेही आली होती.

तिच्यापाशी सूर होते, आणि विज्ञानाने औषधही तयार ठेवले होते. निगा मात्र नव्हती. स्वतःकडे लक्ष देणे म्हणजे घरच्यांच्या तोंडचा घास घेणे, असे तिला लहानपणापासून शिकविले गेले होते आणि ती चांगली बाई असल्यामुळे ते तिने पाळले. आमच्या घराण्यात पुढे तिच्या त्यागाचे गोडवे गायिले गेले. मला ते कधी गावेसे वाटले नाहीत.

निगा आणि लाड यांत फरक आहे. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सूत्रस्थानाचा दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे आणि तिसरा ऋतुचर्येचा. रोगांचे वर्णन करण्याआधी ग्रंथकार उठणे, दात घासणे, अभ्यंग, व्यायाम, स्नान, भोजन यांविषयी बोलतो. त्यातील प्रत्येक वचन आज जसेच्या तसे घ्यावे, असे मी म्हणणार नाही. पण रोजच्या साध्या कृतींना त्याने दिलेला पहिला मान घ्यावा.

या मानाला आधुनिक विज्ञानाचाही आधार आहे आणि तो आपल्याच देशातून आलेला आहे. १९५६ पासून मद्रासमध्ये, म्हणजे आजच्या चेन्नईत, एक अभ्यास झाला. दाटीवाटीच्या वस्तीतील गरीब क्षयरोग्यांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना घरीच ठेवले. औषधे दोघांना सारखीच. १९५९ मध्ये निष्कर्ष आला, की नियमित औषध मिळाले तर घरीही रोगी तितकाच चांगला बरा होतो. साऱ्या जगाने यावरून आपली पद्धत बदलली. २०२३ मध्ये झारखंडमधील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यामागे मंगळुरू येथील डॉ. अनुराग भार्गव व त्यांचे सहकारी होते. क्षयरोग्याच्या घरातील माणसांना दरमहा जादा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषक द्रव्ये दिली, तेव्हा त्यांना क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. घरातील भाताचा आणि डाळीचा वाटा हेही एक औषध ठरले.

क्षय आजही गेलेला नाही. जगातील दर चार रोग्यांपैकी सुमारे एक भारतात आहे. धूम्रपानाने त्याचा धोका वाढतो, आणि आपला भाग तर तंबाखूचा. म्हणून येथे बसलेल्या प्रत्येकाला मी सांगतो. दोन आठवड्यांपेक्षा अधिक खोकला राहिला, तर तो खकाण्याचा आहे की कशाचा हे स्वतः ठरवू नये. सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची तपासणी विनामूल्य होते, औषधेही विनामूल्य मिळतात. नेहमीच्या क्षयाचा उपचार साधारणतः सहा महिन्यांचा असतो. बरे वाटू लागले म्हणून तो मध्येच सोडू नये.

समारोप

विज्ञानाकडून दिलासा मिळतो तो सारे काही ठीक होईल, अशा आश्वासनाने नव्हे. आपण ज्या मातीवर उभे आहोत तिच्यात कारणांची एक जाळी आहे आणि ती समजू शकते, या जाणिवेने तो मिळतो. कलेचा दिलासा असा, की आपल्या दुःखाला कोणीतरी आपल्याआधी नेमका सूर दिलेला असतो. निगा रोज सकाळी हे दोन्ही देहापर्यंत आणून पोचविते.

आपल्या सीमाभागात भाषांच्या रेषा पुष्कळ ओढल्या गेल्या. सुळेभावीचा कन्नड मुलगा मुंबईत शिकला, माळव्याची गाणी गायला आणि मराठी घराघरांत आपला झाला. विषयांच्या रेषांचेही असेच आहे. दहावीनंतर विज्ञान घेतलेल्या मुलाची पेटी माळ्यावर जाते, कलाशाखेच्या मुलीला सूक्ष्मदर्शक पुन्हा दिसत नाही आणि दोघांनाही वेळेवर जेवण्याची आठवण कोणी करून देत नाही. या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना माझी तीन साधी मागणी आहे. शाळेत एक चांगला सूक्ष्मदर्शक असा ठेवावा, की ज्याला कोणत्याही शाखेच्या मुलाने हात लावावा. आठवड्यातून एक तास सर्व मुलांनी एकत्र गावे. आणि दरवर्षी एक दिवस मुलांच्या आयांना, विशेषतः विडी वळणाऱ्या आणि वखारीत राबणाऱ्या आयांना, शाळेत बोलावून त्यांची आरोग्य-तपासणी करावी. त्या दिवशी त्यांच्याकडून ओव्याही ऐकून, लिहून घ्याव्यात.

गुरुजींनी प्रयोगशाळा, भजन आणि नखे एकाच दिवसाच्या वेळापत्रकात बसविली होती.